औषधाचा हिशेब फळ्यावर लागलाच पाहिजे!



जयंती पार पडली की आपल्या वस्तीतल्या विहाराच्या भिंतीवर एक फळा लागतो. वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेले, लाऊडस्पीकरला किती, भोजनाला किती आणि शिल्लक किती, हे सारे त्यावर खडूने लिहिलेले असते. कोणी अकरा रुपये दिलेले असतात, कोणी पाचशे. नोंद दोघांचीही होते. ज्या वर्षी फळा कोरा राहतो त्या वर्षी कुजबुज सुरू होते. चिटणीस कितीही सज्जन असला तरी एखादी आजी त्याला अडवून विचारतेच, "बाळा, पावत्या कुठं हायेत?" त्यात तिला कोणाचा अपमान करायचा नसतो. पैसा सगळ्यांचा, म्हणून हिशेबही सगळ्यांपुढे, एवढेच तिचे म्हणणे असते.

मग एक साधा प्रश्न मनात येतो. अकरा रुपयांचा हिशेब मागणारे आपण, लेकरांच्या तोंडात ज्या गोळ्या घालतो त्यांचा हिशेब कधी मागतो का?

काम सुटल्यापासून घरचा कर्ता माणूस कोणाशी बोलत नाही. दहावीत नापास झालेली मुलगी दार लावून बसते, जेवत नाही. भाऊ दारू सोडतो म्हणतो आणि सुटत नाही. अशा वेळी शेजारचे लोक "मनाला लावून घेऊ नको" असे सांगून जातात. पण हा आजार असतो आणि त्यावर उपचारही असतात, हे आता आपल्या लोकांना कळू लागले आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. डॉक्टर गोळी लिहून देतात, आपण पदरमोड करून ती आणतो. ही गोळी गुणकारी आहे असे डॉक्टरांना कोणी सांगितले? वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या संशोधनाने. आणि त्या संशोधनाचा फळा कोराच असेल तर?

असे खरोखर घडले आहे. अमेरिकेतली ही हकिगत प्रत्येक आईबापाने वाचावी अशी आहे.

२७५ मुलांचा प्रयोग

आधी औषधाची परीक्षा कशी घेतात ते पाहू. आजारी माणसांचे दोन गट करतात. कोण कोणत्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकल्यासारखे नशिबावर सोडतात. एका गटाला औषध देतात. दुसऱ्या गटाला दिसायला अगदी तशीच, पण आत औषध नसलेली गोळी देतात. कोणाला काय मिळाले हे रोग्याला ठाऊक नसते आणि तपासणाऱ्यालाही नसते. काही आठवड्यांनी दोन्ही गटांची तुलना करतात. उपचार चालू आहेत या धीरानेही माणसाला बरे वाटू लागते, म्हणून औषधाचा खरा गुण ओळखायला ही युक्ती करावी लागते. कोणत्या कसोटीवर औषध पास आणि कोणत्या कसोटीवर नापास, हे प्रयोगाच्या आधीच लिहून ठेवायचे असते. त्या लेखी कागदाला प्रयोगाचा आराखडा म्हणतात.

१९९४ ते १९९८ या काळात स्मिथक्लाइन बीचम या कंपनीने अमेरिका आणि कॅनडातल्या १२ केंद्रांत असा एक प्रयोग केला. 'स्टडी ३२९' या नावाने तो पुढे गाजला. डिप्रेशन म्हणजे नैराश्याचा आजार झालेली १२ ते १८ वर्षांची २७५ मुले-मुली त्यात होती. ९३ जणांना पॅरॉक्सेटिन हे कंपनीचे नवे औषध दिले, ९५ जणांना इमिप्रामिन हे जुने औषध दिले आणि ८७ जणांना औषध नसलेली गोळी. मुख्य प्रयोग आठ आठवड्यांचा होता. आराखड्यात दोन मुख्य आणि सहा दुय्यम अशा आठ कसोट्या आधीच ठरल्या होत्या.

निकाल काय लागला? आठांपैकी एकाही कसोटीवर कंपनीचे औषध त्या बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरले नाही!

परीक्षेत नापास झालेला मुलगा घरी येऊन खरे सांगतो. या कंपनीने तसे केले नाही. आराखड्यात नसलेली नवी मोजमापे शोधली गेली. त्यांतल्या चारांवर औषध बरे दिसत होते, तीच पुढे करण्यात आली. १९९८ सालचा कंपनीचा एक अंतर्गत कागद पुढे बाहेर आला. औषधाचा गुण सिद्ध झाला नाही असे विधान करणे धंद्याच्या दृष्टीने परवडणारे नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात होता. लेखाचा मसुदा कंपनीने पैसे देऊन नेमलेल्या लेखनसंस्थेकडून करून घेतला. २००१ साली अमेरिकेतल्या बालमानसोपचाराच्या एका मान्यवर नियतकालिकात २२ लेखकांच्या नावाने तो छापून आला. औषध मुलांना सोसते आणि ते गुणकारी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता.

याहून वाईट गोष्ट पुढेच आहे. औषध घेताना काही मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार आले, काहींनी स्वतःला इजा केली. लेखात अशा गोष्टी 'भावनिक चंचलता' या गुळगुळीत शब्दाखाली गेल्या, आणि पॅरॉक्सेटिन घेणाऱ्यांपैकी फक्त ५ मुले त्या रकान्यात दाखवली गेली. पोरगी जिवावर उदार झाली होती, आणि कागदावर ती 'चंचल' झाली!

डॉक्टरांनी लेखावर विश्वास ठेवला. ठेवणारच, कारण त्यांच्याही हातात तेवढेच होते. मुलांसाठी या औषधाला सरकारी मंजुरी नव्हती, तरीही २००२ या एका वर्षात अमेरिकेत मुलांसाठी त्याच्या २० लाखांहून अधिक चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या.

कुलूप कसे उघडले?

जून २००३ मध्ये ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी १८ वर्षांखालच्या मुलांना नैराश्यासाठी पॅरॉक्सेटिन देऊ नये असे बजावले. २००४ साली न्यूयॉर्क राज्याच्या ॲटर्नी जनरलने कंपनीवर दावा लावला. तोवर कंपनीचे विलीनीकरण होऊन तिचे नाव ग्लॅक्सोस्मिथक्लाइन झाले होते. प्रतिकूल निकाल लोकांपासून दडवले हा मुख्य आरोप होता. कंपनीने २५ लाख डॉलर भरून तडजोड केली आणि आपल्या प्रयोगांचे निकाल जाहीर करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नैराश्यावरच्या सर्व औषधांच्या वेष्टनावर, मुलांमध्ये आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका असल्याचा ठळक इशारा छापायला लावला. २०१२ साली याच कंपनीने अनेक औषधांच्या प्रकरणांत मिळून ३०० कोटी डॉलर भरले. मुलांसाठी मंजूर नसलेल्या पॅरॉक्सेटिनचा मुलांसाठी प्रचार केल्याचा गुन्हा त्यांत कबूल करण्यात आला होता.

पण दंड भरला म्हणून खोटे खरे होत नाही. मूळ लेख छापील होता तसाच होता. म्हणून डेव्हिड हीली, जॉन ज्युरेडिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरवले की मूळ कागद मिळवायचे आणि जुन्याच आराखड्याप्रमाणे हिशेब पुन्हा मांडायचा. मोठ्या पत्रव्यवहारानंतर कंपनीने रोग्यांची नावे काढलेली सुमारे ७७ हजार पाने त्यांना दाखवली. हातात दिली नाहीत, संगणकाच्या पडद्यावर एका छोट्या खिडकीतून वाचू दिली. तेवढ्यातल्या सुमारे एक-तृतीयांश मुलांचे कागद तपासायलाच हजार तासांच्या आसपास वेळ गेला.

२०१५ साली त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. औषधाचा गुण दिसत नाही आणि अपाय मात्र दिसतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. आत्महत्येच्या विचारांची वा स्वतःला इजा करण्याची जी संख्या पूर्वी ५ दाखवली होती, ती पॅरॉक्सेटिन घेणाऱ्या मुलांमध्ये ११ निघाली. मुले तीच आणि कागदही तेच होते. पण निष्कर्ष उलटा झाला! आणि तो उलटायला २००१ पासून चौदा वर्षे लागली.

हा एकट्याचा गुन्हा नव्हता

एका कंपनीला शिव्या देऊन मोकळे व्हावे इतके हे सोपे नाही. एरिक टर्नर हे डॉक्टर पूर्वी अमेरिकेच्या औषध प्रशासनात होते. कंपन्यांनी सरकारला कोणते कागद दिले आणि नियतकालिकांत काय छापले, हे त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर समोरासमोर ठेवून पाहिले. नैराश्याची १२ औषधे, ७४ प्रयोग आणि १२,५६४ रोगी एवढा हा पसारा होता. २००८ साली त्यांनी निकाल जाहीर केला.

सरकारी कागदांनुसार ३८ प्रयोगांत औषध यशस्वी ठरले होते. त्यांपैकी ३७ छापले गेले. उरलेल्या ३६ प्रयोगांत औषध अयशस्वी वा संशयास्पद ठरले होते. त्यांतले २२ छापलेच गेले नाहीत. ११ असे छापले गेले की जणू यशस्वीच झाले. प्रामाणिकपणे छापले गेले अवघे ३. आता सांगा, नियतकालिके वाचणाऱ्या डॉक्टरला काय दिसणार? शंभरातले ९४ प्रयोग यशस्वी! प्रत्यक्षात ते ५१ होते. शाळेने फक्त पास झालेल्या मुलांची यादी लावावी आणि नापासांचे पेपर अडगळीत टाकावेत, त्यातलाच हा प्रकार.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ही औषधे फुकट आहेत असे टर्नर म्हणत नाहीत. सर्व आकडे एकत्र केल्यावरही औषधाचा गट बिनऔषधी गटापेक्षा पुढेच होता. पण छापील लेखांतला गुण जवळजवळ एक-तृतीयांशाने फुगलेला होता. उपचार करताना गुण किती आणि धोका किती, हे तोलायचे असते. तराजूच खोटा असेल तर चांगला डॉक्टरही चुकतो.

औषध कंपन्यांच्या पैशाचा संबंध नसलेल्या संशोधनातही अडचण निघाली. माणूस कसा वागतो, कसा विचार करतो, याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी आपल्याच शास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले. हे काम २०१५ साली प्रसिद्ध झाले. मूळ प्रयोगांपैकी शेकडा ९७ मध्ये ठोस परिणाम दिसल्याचा दावा होता. पुन्हा केल्यावर तो शेकडा ३६ मध्येच दिसला. सगळे लबाड होते असा याचा अर्थ नाही. यशाची बातमी छापून येते, अपयशाची येत नाही. नोकरी आणि बढती छापील लेखांवर ठरते. मग माणूस नकळत आकड्यांतून हवे तेच वेचू लागतो. पण त्यांचेही कौतुक केले पाहिजे. आपल्याच घरातला केर त्यांनी स्वतः उंबऱ्याबाहेर आणून दाखवला.

हिशेबाचे नवे नियम

या अनुभवातून संशोधनाच्या जगात काही नियम आले.

पहिला नियम असा की प्रयोग सुरू होण्याआधी त्याची जाहीर नोंद करायची. मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांनी २००५ पासून, नोंद नसलेला प्रयोग छापणार नाही असे ठरवले. आपल्या देशातही अशी नोंदवही आहे. 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या नावाची ही नोंदवही भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या संस्थेत २० जुलै २००७ रोजी सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधांच्या प्रयोगांची नोंद सक्तीची झाली. १ एप्रिल २०१८ पासून तर पहिला रोगी घेण्याच्या आधीच नोंद व्हावी लागते, मागाहून चालत नाही. ही नोंदवही कोणालाही फुकट पाहता येते. तुमचा कॉलेजात जाणारा मुलगा मोबाईलवर पाहू शकेल.

दुसरा नियम आराखड्याबाबत आहे. आराखडा आधी जाहीर करायचा, आणि निकाल आल्यावर कसोट्या बदलायच्या नाहीत. २०१३ पासून काही नियतकालिके याच्याही पुढे गेली. प्रयोगाआधीच ती आराखडा तपासतात आणि पसंत पडला तर निकाल काहीही लागो, छापण्याचे वचन देतात. मग खोटे बोलण्याचे कारणच उरत नाही.

तिसरा नियम मूळ आकडे इतरांना तपासू देण्याचा आहे. यावर कोणी आई विचारील, "म्हणजे माझ्या पोरीचा आजार जगजाहीर होणार?" नाही. नाव, गाव, पत्ता काढूनच कागद दाखवायचे असतात. स्टडी ३२९ ची ७७ हजार पाने तशीच दाखवली गेली. रोग्याचे नाव झाकायचे आणि प्रयोगाचा निकाल उघडा ठेवायचा, हाच न्याय आहे. इतके दिवस मात्र रोग्याचे नाव पुढे करून कंपन्या आपलाच निकाल झाकत होत्या.

नियमांनी फरक पडला का? काही प्रमाणात पडला. टर्नर आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली नैराश्याच्या चार नव्या औषधांचा तसाच हिशेब काढला. प्रतिकूल निकालाच्या १५ प्रयोगांपैकी ७ प्रामाणिकपणे छापले गेले होते. पूर्वीपेक्षा हे पुष्कळ बरे, पण अजून निम्मेही नाहीत!

गोव्याने सांगितलेले खरे

प्रामाणिक हिशेब कसा असतो हे पाहायला अमेरिकेला जायला नको. शेजारच्या गोव्यात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत दोन प्रयोग झाले. त्यांचा आराखडा २०१४ मध्ये छापून जाहीर केला होता आणि निकाल २०१७ साली लॅन्सेट या नियतकालिकात आले. उपचार होता बोलण्याचा. मानसोपचाराची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून तयार केले आणि त्यांनी रोग्यांशी ठरलेल्या पद्धतीने बोलायचे, असे काम होते.

नैराश्याच्या प्रयोगात ४९५ जण होते. सहा ते आठ बैठका झाल्या. तीन महिन्यांनी, ज्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर अशा बैठका मिळाल्या त्यांच्यात शेकडा ६४ जणांचा आजार ओसरला होता. ज्यांना फक्त नेहमीचे उपचार मिळाले त्यांच्यात शेकडा ३९ जणांचा. केवढा मोठा दिलासा आहे हा! गरिबाला परवडेल असा उपचार गावातली शिकवलेली माणसे देऊ शकतात.

दुसरा प्रयोग दारूचा होता. त्यात ३७७ पुरुष होते आणि जास्तीत जास्त चार बैठका. घातक पिणे आटोक्यात आलेल्यांचे प्रमाण बैठका घेणाऱ्यांत शेकडा ३६ होते, इतरांत शेकडा २६. मागच्या चौदा दिवसांत थेंबही न घेतलेले शेकडा ४२ होते, तर इतरांत शेकडा १८. संशोधक इथेच थांबले असते तर टाळ्या मिळाल्या असत्या. पण त्यांनी पुढचेही लिहिले. जे पीतच राहिले त्यांचे रोजचे प्रमाण बैठकांमुळे कमी झाले नाही. बुडणारे कामाचे दिवस कमी झाले नाहीत. बायकोला होणाऱ्या मारहाणीतही फरक दिसला नाही.

आमच्या भगिनींनी हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचावे. 'उपचाराने नवरा सुधारतो' एवढेच छापले असते तर एखादी बाई त्या भरवशावर मार खात थांबली असती. दारू सोडवणारा उपचार वेगळा आणि मारहाण थांबवण्याचा उपाय वेगळा, हे तिला त्या नको असलेल्या निकालामुळेच कळते. झालेल्या गोष्टीइतकीच न झालेली गोष्टही सांगावी लागते, ती यासाठी.

आपण काय करायचे?

औषधाचे प्रयोग आकाशात होत नाहीत, ते माणसांवर होतात. दवाखान्याच्या रांगेतल्या आपल्या माणसालाही कोणी विचारील, "प्रयोगात भाग घेणार का?" घाबरून पळू नका, कारण प्रयोगाशिवाय नवे औषध निघत नाही. पण अंगठा उठवण्याआधी शांतपणे पाच गोष्टी विचारा.

एक, या प्रयोगाचा नोंदणी क्रमांक काय? दोन, तो कोणत्या नीतिमत्ता समितीने मंजूर केला? तीन, पैसा कोणाचा आहे? चार, अपाय झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार, आणि मला मधूनच बाहेर पडता येईल ना? पाच, निकाल चांगला येवो की वाईट, तो जाहीर होणार का आणि मला कळणार का? माहितीपत्रक मराठीत मागा, घरी आणा, शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. सही केलेल्या संमतीपत्राची प्रत जवळ ठेवा. नाही म्हटल्याने तुमचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, हा तुमचा हक्क आहे.

आणि एक कळकळीची विनंती. हा लेख वाचून कोणीही घरातली मनाची गोळी अचानक बंद करू नका. एकदम बंद केल्याने त्रास होतो, आजार उलटू शकतो. या औषधांनी अनेकांना सावरले आहे. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा की गुण किती, धोका कोणता, किती दिवस घ्यायची. मूल वा तरुण पोर असेल तर गोळी सुरू झाल्यावर आणि मात्रा बदलल्यावर पहिले काही आठवडे त्याच्यावर नजर ठेवा. बेचैनी वाढली, झोप उडाली, जिवाचे बोलू लागले तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. घरात कोणाच्या मनात मरणाचे विचार येत असतील तर सरकारची 'टेलिमानस' ही फुकट सेवा रात्रंदिवस चालू असते. तिचा क्रमांक १४४१६ आहे आणि मराठीतही बोलता येते. हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवा.

स्टडी ३२९ मधली २७५ मुले आज पन्नाशीकडे झुकली असतील. आजारी असताना त्यांनी आपले शरीर आणि मन दुसऱ्या मुलांच्या कामी यावे म्हणून दिले. ती त्यांची वर्गणीच होती. तिचा फळा चौदा वर्षे कोरा राहिला, आणि त्या काळात दुसऱ्यांची लाखो मुले त्याच गोळीच्या चिठ्ठ्या घेऊन घरी गेली.

म्हणून यापुढे "संशोधनाने सिद्ध झाले आहे" असे कोणी सांगितले, की विहारातल्या त्या आजीसारखे न लाजता विचारायचे:

"बाळा, पावत्या कुठं हायेत?"